मराठवाडा आणि जागतिकीकरण

जागतिकीकरण म्हणजे माल, पैसा, तंत्रज्ञान, माणसं आणि सवयी देशांच्या सीमा ओलांडून फारशी अडकाठी न होता फिरायला लागणं. आपल्याकडं हा शब्द रुळला तो जुलै 1991 नंतर, नरसिंह राव पंतप्रधान आणि मनमोहन सिंग अर्थमंत्री असताना लायसन्स राज, म्हणजे उद्योगाला पदोपदी सरकारी परवाना लागायची पद्धत, सैल झालं तेव्हापासून, आणि 1 जानेवारी 1995 ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली तसा तो शेतापर्यंत आला. मराठवाड्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या आठ जिल्ह्यांत, त्याचं काय झालं हे बघायचं असेल तर मॉलपासून सुरुवात करू नये, मोंढ्यापासून म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारापासून करावी. इथल्या बहुतेक घरांत जग शिरलं ते सोयाबीनच्या भावातून.

तसं परदेशाशी व्यापार इथं नवा नाही. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर आणि गोदाकाठचं पैठण म्हणजे प्रतिष्ठान, या दोन्ही गावांचा उल्लेख पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या व्यापारी मार्गदर्शिकेत आहे. तेरचं कापड, पैठणचे मौल्यवान दगड गाड्यांवर लादून भडोचला जायचे आणि तिथून जहाजानं पश्चिमेकडं. तेरला सापडलेली हस्तिदंती बाहुली आणि इटलीत पॉम्पेईला सापडलेली मूर्ती यांच्यातलं साम्य अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे. एक फरक मात्र लक्षात ठेवायला पाहिजे, त्या काळी इथून विणलेलं कापड जायचं, म्हणजे कारागिराची मजुरी त्यात असायची. आता बहुतेक कच्चा माल जातो.

कारखानदारीचा फायदा झाला तो मुख्यतः संभाजीनगर आणि जालन्याला. वाळूज एमआयडीसीत बजाज ऑटो 1991 च्या आधीच आली होती, 2001 ला शेंद्र्यात स्कोडा आली, पुढं शेंद्रा-बिडकीनला ऑरिक सिटी ही औद्योगिक नगरी उभी राहिली. जालन्यात भंगार वितळवून सळई करणारा स्टीलचा धंदा वाढला. उलट इथल्या मातीतला ब्रँड असलेली व्हिडिओकॉन, जिचा टीव्ही एकेकाळी गावोगाव दिसायचा, ती कोरियन कंपन्या आल्यावर मागं पडत गेली, कर्ज वाढत गेलं आणि 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. हिंगोली, परभणी, बीडच्या पोरांना मात्र कंपनी म्हटलं की अजूनही पुण्याचीच ट्रॅव्हल्स पकडावी लागते.

आता सोयाबीन. पूर्वी खरिपात मूग, उडीद, तूर, हायब्रीड ज्वारी, कापूस असं मिसळून पेरायचे. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत निघतं, रब्बीला हरभऱ्यासाठी रान मोकळं होतं, दिवाळीच्या तोंडावर रोख पैसा हातात येतो, म्हणून नव्वदच्या दशकानंतर ते पसरत गेलं आणि लातूर, धाराशिव, नांदेडकडं तर पावसाळ्यात बघावं तिकडं तेच दिसायला लागलं. लातूरच्या मोंढ्यात सकाळी नमुन्यावरून ठरणारा पोटलीचा सौदा निघतो, तेल मिलचे प्लांटचे दर व्हॉट्सअॅपवर फिरतात, शेतकरी आडतीवर माल टाकतो तेव्हा मूठभर दाणे मशीनमध्ये घालून मॉइश्चर बघतात, 12 टक्क्यांच्या वर आकडा गेला की भाव कापला, मग डाग, मग मातेरं. एवढं सगळं डोळ्यासमोर होतं, पण मुळातला भाव ठरतो तो शिकागोच्या बाजारातल्या वायद्यांवर म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांवर, ब्राझील-अर्जेंटिनात पाऊस कसा झाला यावर, इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलावर आणि दिल्लीत आयात शुल्क किती ठेवलं यावर.

याचं सगळ्यात झोंबणारं उदाहरण 2021 चं. ऑगस्टच्या सुरुवातीला सोयाबीन क्विंटलला 10 हजारांच्या वर गेलं होतं, तेवढ्यात केंद्रानं कोंबडीखाद्यासाठी 12 लाख टन जीएम म्हणजे जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयातीला परवानगी दिली, पाठोपाठ नवा माल बाजारात यायला लागला आणि भाव जवळपास निम्म्यावर आला. गंमत नाही ही, कारण जीएम सोयाबीन पेरायला आपल्या शेतकऱ्याला परवानगी नाही, पण त्याची पेंड बाहेरून आणून त्याच्याच मालाच्या भावावर बसवता येते. 2024 ला हमीभाव 4892 रुपये होता आणि मोंढ्यात सौदे 4 हजारांच्या आसपास होत होते. तुरीचंही तसंच, मोझांबिक आणि म्यानमारची तूर शुल्काशिवाय येते आणि लातूरच्या डाळ मिलवाल्याला ती परवडते. शहरातल्या माणसाला डाळ स्वस्त मिळावी हे बरोबरच आहे, फक्त त्याची किंमत कोरडवाहूवाल्यानं एकट्यानं का मोजायची, हा प्रश्न उरतो.

कापसाची गोष्ट जालन्याशी जोडलेली आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये सुरू केलेली महिको ही इथलीच बियाणे कंपनी, तिनं अमेरिकेच्या मोन्सॅंटोशी भागीदारी केली आणि मार्च 2002 मध्ये बोंडअळीला तोंड देणाऱ्या, जनुकीय बदल केलेल्या बीटी कापसाला मंजुरी मिळाली. सुरुवातीला बोंडअळी आटोक्यात आली, उत्पन्न वाढलं, हे नाकारता येत नाही. पण बियाणं दरवर्षी विकतच घ्यावं लागतं, आणि 2017 ला गुलाबी बोंडअळीनं बीटीलाही न जुमानता कापूस खाल्ला. ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उठवलं, ते वेचणीच्या तोंडावर.

संस्कृतीवर परिणाम म्हटलं की लोक पिझ्झा, बर्थडेचा केक, लग्नातला डीजे सांगतात. ते आहेच, पण खोल बदल भाकरीत झाला. ज्वारी कमी झाली तसा कडबा कमी झाला, कडबा नाही म्हणून दावणीची जनावरं कमी झाली, पोळ्याला मातीचे बैल पुजणारी घरं वाढली. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यावर तीच ज्वारी शहरात मिलेट म्हणून मिरवायला लागली. पैठणीचंही बघा. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटून पाहिला तर मागूनही जवळपास तेवढाच साफ दिसतो, पॉवरलूमच्या नकलेत मागं सुटे धागे लोंबतात किंवा जाळी लावलेली असते. भौगोलिक मानांकन मिळालं तरी मोबाईलवर फोटो बघून साडी मागवणाऱ्या बाईला पदर उलटून बघता येत नाही, आणि कारागीर मार खातो तो इथंच. संभाजीनगरचं हिमरू हे नक्षीदार कापड विणणारी घरं तर बोटांवर मोजण्याइतकी राहिलीत.

शिक्षणात मराठवाडा उशिरा उठला. निझामी राजवट 17 सप्टेंबर 1948 ला संपली, 1950 मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, ज्याला पुढं मिलिंद हे नाव मिळालं, आणि 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ झालं. या कॉलेजांतून शिकलेली पहिली पिढी गावातली नोकरदार झाली. तिची मुलं-नातवंडं आता इंग्लिश मिडियममध्ये आहेत, तालुक्याच्या पिवळ्या बसेस वाड्यावस्त्यांवर फिरतात आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतला पट घटत जातो. लातूर पॅटर्न, म्हणजे जादा तास आणि सराव परीक्षांवर भर देणारी तिथली शिकवण्याची पद्धत, आधी बोर्डाच्या मेरिट लिस्टसाठी गाजला, 'नीट' ही मेडिकलची प्रवेश परीक्षा आल्यावर त्याचं रूपांतर क्लास, होस्टेल, मेस अशा एका मोठ्या बाजारपेठेत झालं, नांदेडलाही तेच. क्लासची फी जूनला भरायची असते आणि घरात सोयाबीनची थप्पी भाव वाढेल म्हणून दिवाळीपासून पडून असते, त्यामुळं शिकागोचा भाव आणि लेकीची अॅडमिशन एकाच हिशेबाच्या वहीत येतात.

नीटला सरकारी सीट हुकली की खाजगी कॉलेजची फी झेपत नाही, म्हणून कित्येक घरांनी मुलं रशिया, युक्रेन, फिलिपिन्सला एमबीबीएससाठी पाठवली. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, सूर्यफूल तेलाची जहाजं अडकली, खाद्यतेल कडाडलं आणि मार्चमध्ये सोयाबीन परत 7 हजारांच्या वर गेलं. त्याच दिवसांत मराठवाड्यातली पोरं तिकडं बंकरमध्ये बसून घरी फोन लावत होती, आणि आई-बाप थप्पी विकायचं सोडून, पोरांना परत आणणाऱ्या सरकारी ऑपरेशन गंगाच्या विमानाची यादी बघत होते.