चुंबकाला चिकटलेली काळी वाळू

रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर लहानपणी आम्ही फुटक्या स्पीकरचं चुंबक वाळूत फिरवायचो. त्याला काळ्या कणांची दाढी फुटायची. ती उपटता उपटता नखं काळी व्हायची आणि घरी बोलणी बसायची. त्या कणांत मॅग्नेटाइट असतं, म्हणजे लोखंडाचं एक ऑक्साइड.

हेच मॅग्नेटाइट प्रयोगशाळेत १० नॅनोमीटरचं, केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या हिश्शाएवढं, करता येतं. कृती सोलकढीहून फार अवघड नाही. लोहाचे दोन प्रकारचे क्षार घ्यायचे, फेरस एक भाग, फेरिक दोन भाग. पाण्यात विरघळवून ढवळत ढवळत अमोनिया सोडायचा. पाणी बघता बघता काळं होतं. हवा लागली तर मात्र काळ्याचं तपकिरी होतं. तेही चुंबकाला चिकटतं, म्हणून फसायला होतं, पण पदार्थ बदललेला असतो. हे टाळायला हवेऐवजी नायट्रोजन वायूखाली काम करतात.

एवढ्या बारीक कणांचं चुंबकत्व चुंबक दूर करताच मावळतं. औषध म्हणून रक्तात सोडायचे तर हेच हवं, नाहीतर एकमेकांना ओढून गुठळ्या करतील. तरीही ग्रॅमभर पुडीचा पृष्ठभाग शंभर चौरस मीटरवर जातो, आमच्या खळ्याएवढा! तो उघडा राहिला की कण चिकटतातच. म्हणून डेक्स्ट्रानसारख्या कर्बोदकाचा लेप देतात.

खरी कसोटी पुढे: हे कण पेशींना मारत तर नाहीत ना? पेशींवर कण घालून एमटीटी नावाचं पिवळं रसायन टाकतात. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. जितका रंग गडद, तितक्या पेशी जिवंत. पण आपले कण मुळातच काळे! तेही प्रकाश शोषतात आणि यंत्राला मेलेल्या पेशीही जिवंत भासतात. म्हणून पेशींशिवाय नुसते कण घातलेली वाटी शेजारी ठेवून तिचं मोजमाप वजा करावं लागतं. ही वाटी नसलेला निकाल मी तरी मनावर घेत नाही.

आणि पेशी म्हणजे माणूस नव्हे. रक्तात शिरताच कणांवर प्रथिनं बसतात, शरीराला दिसतो तो हा नवा मुखवटा. फेरुमॉक्सिटॉल हे औषध म्हणजे असंच लेप दिलेलं लोह-ऑक्साइड. मूत्रपिंडाच्या रुग्णांमधल्या लोहाच्या कमतरतेसाठी अमेरिकेत २००९ साली त्याला मंजुरी मिळाली. जीवघेण्या अॅलर्जीचा, माहितीपत्रकावर चौकटीत छापतात तो ठळक इशारा त्यावर आला २०१५ मध्ये.