अंडाशयाच्या कर्करोगातील संप्रेरकरोधक औषधे

अंडाशयाच्या काही कर्करोगांतील पेशी इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसल्या जातात. ही रसद तोडणारी औषधे म्हणजे संप्रेरकरोधक औषधे. केमोथेरपीप्रमाणे ती पेशींवर थेट घाला घालत नाहीत. रोगाची वाढ मंदावणे किंवा ती काही काळ रोखून धरणे हे त्यांचे मुख्य काम. गाठ आकसतेही, पण क्वचित.

इस्ट्रोजेन पेशीतील ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटते आणि वाढीची जनुके चालू करते. टॅमॉक्सिफेन ग्राहीवरची ही जागा अडवते, तर फुलवेस्ट्रंट ग्राहीच नष्ट करते. लेट्रोझोल आणि अ‍ॅनास्ट्रोझोल मुळात इस्ट्रोजेन तयार होऊ देत नाहीत. ऑपरेशनमध्ये गर्भाशयाची पिशवी आणि दोन्ही अंडाशये काढल्यावर इस्ट्रोजेन येते कुठून, असा प्रश्न घरच्यांना पडतो आणि तो रास्तच आहे. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून अँड्रोजेन ही संप्रेरके स्रवत राहतात. शरीरातल्या चरबीत अ‍ॅरोमॅटेज हे विकर (एन्झाइम) त्यांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. लेट्रोझोलची रोजची २.५ मिलिग्रॅमची गोळी नेमके हे विकर बंद पाडते.

सर्वाधिक उपयोग दिसतो तो ‘लो-ग्रेड सीरस’ या सावकाश वाढणाऱ्या, केमोला फारशी दाद न देणाऱ्या प्रकारात. अमेरिकेत जुन्या रुग्णनोंदी तपासून केलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशन आणि केमोनंतर ही औषधे घेणाऱ्या स्त्रियांमध्ये रोग पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ सुमारे ६५ महिने होता, तर न घेणाऱ्यांमध्ये सुमारे २६ महिने. अधिक आढळणाऱ्या ‘हाय-ग्रेड’ प्रकारात मात्र ग्राही असूनही थोड्याच जणींना गुण येतो.

म्हणून ग्राहीची तपासणी महत्त्वाची. ठाण्यात किंवा वाशीत ऑपरेशन झाल्यावर पुढच्या उपचारांसाठी परळचे टाटा रुग्णालय किंवा त्याच संस्थेचे खारघरचे अ‍ॅक्ट्रेक गाठायचे, तर सोबत ‘ब्लॉक आणि स्लाइड’ हवेतच. ब्लॉक म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या चौकटीत, मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. त्याचा केसाहूनही कितीतरी पातळ काप काचपट्टीवर घेऊन रंगवतात. सूक्ष्मदर्शकाखाली ग्राही असलेली केंद्रके तपकिरी दिसतात, नसलेली निळी. इतका मोलाचा तुकडा घरी उन्हात किंवा गरम गाडीत ठेवू नये, आणि रिपोर्टमध्ये ‘ईआर’ची (इस्ट्रोजेन-ग्राहीची) नोंद नसेल तर डॉक्टरांना जरूर विचारावे.

केस गळून पडण्याचा, रक्तपेशी घटण्याचा केमोसारखा त्रास या गोळ्यांनी सहसा होत नाही. तरी अंगातून वाफा निघतात, सकाळी बोटे आखडतात, स्टेशनचा पूल चढताना गुडघे धरतात. लेट्रोझोलने हाडे विरळ होतात, म्हणून हाडांची घनता मोजून घेतात. टॅमॉक्सिफेनमध्ये रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो. एका पायाला अचानक सूज आली किंवा दम लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सांधेदुखीला कंटाळून अनेकजणी कुणाला न सांगता गोळी सोडतात. तसे करू नये. डॉक्टरांना सांगितल्यास गोळी बदलून देता येते.