पाच अक्षरांत बसणारी नावे

सावेरिगादिंग, ला मद्दुकेल्लेंग, तो आप्पान्योम्पा, लांगि पाएवांग, ओपुन्ना वारे. इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरील बुगी लोकांचे महाकाव्य ‘ला गालिगो’ पहिल्यांदा हाती घेणारा वाचक इथे पाच राजपुत्र मोजतो. प्रत्यक्षात माणूस एकच, काव्याचा नायक. (काव्याला नाव मात्र त्याच्या मुलाचे.)

एवढी नावे कशाला? वृत्तासाठी. या काव्याचा प्रत्येक तुकडा 5 अक्षरांचा असतो, कधी 4. वरची पाचही नावे मोजून पाहा. फक्त शेवटचा ‘ंग’ हा एकच अनुनासिक आहे, त्याचे वेगळे अक्षर धरायचे नाही: सा-वे-रि-गा-दिंग, पाच. नायकाची जुळी बहीण वे तेन्रिआबेंग पाच, आजोबा बातारा गुरू पाच. (‘बातारा’ हा संस्कृत ‘भट्टार’च.) म्हणजे एक नाव हा आख्खा तुकडा. पाठ गाणाऱ्याला त्याच माणसाबद्दल लागोपाठ दोन-तीन तुकडे म्हणायचे असले की तो नाव बदलतो, माप बदलत नाही. अभंगात ‘तुका म्हणे’ची चार अक्षरे जशी ठरलेली जागा अडवतात, तसेच काहीसे.

नाव सोडवताना सुरुवात पहिल्या अक्षरापासून करावी. ‘ला’ पुरुषाचे, ‘वे’ स्त्रीचे. ‘तो’ म्हणजे माणूस. तो आप्पान्योम्पा म्हणजे इतरांना नमायला लावणारा. ‘ओपुन्ना वारे’ हे तर नावच नव्हे, ‘वारेचा (वारे हे ठिकाण) स्वामी’ ही पदवी आहे. ‘तेन्रि’ दिसले की थांबावे: ‘ते’ नकाराचा, पुढचा भाग कर्मणी प्रयोगाचा. ‘पादा’ म्हणजे समान, म्हणून तेन्रिपादा म्हणजे जिची बरोबरी होत नाही अशी. ‘तेन्रि’ असलेली नावे बुगी घरांत आजही ठेवतात. बोनेच्या आखातापलीकडे, आग्नेय सुलावेसीत राहणाऱ्या तोलाकी लोकांकडे नावाची घडण वेगळी: त्यांच्या हालु ओलेओ या राजपुरुषाच्या नावाचा अर्थ ‘आठ दिवस’ असा सांगतात. तिथल्या केंदारी शहरातले विद्यापीठ आणि विमानतळ त्याच्याच नावाचे.

खरी अडचण लिपीची. बुगींची लोंतारा लिपी ब्राह्मी कुळातली, पण ती शब्दाअखेरचे व्यंजन लिहीत नाही आणि द्वित्तही (दुहेरी व्यंजन) दाखवत नाही. ‘मद्दुकेल्लेंग’ कागदावर ‘मदुकेले’ एवढेच उरते. वृत्ताचाही उपयोग नाही, कारण द्वित्ताने अक्षरसंख्या बदलत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ जसे संदर्भावरून ठरवावे लागते, तसे इथे अर्धे नावच आठवणीतून भरायचे. नेदरलँड्समधल्या लायडनच्या ग्रंथालयातले हस्तलिखित 12 खंडांचे आणि 2851 पानांचे आहे, तेव्हा हे काम किती वेळा करावे लागत असेल ते पाहा.

काव्याबाहेरच्या राजांनाही नावांची अशीच रास असे. 1696 मध्ये वारलेला, बोने या बुगी राज्याचा राजा जन्मनावाने ला तेन्रितात्ता (पुन्हा पाचच), आदराने दाएंग सेरांग, पदाने आरुंग पालाक्का, मुस्लिम राजा म्हणून सुलतान सादुद्दीन आणि मृत्यूनंतर मातिन्रोए री बोंतोआला, म्हणजे ‘बोंतोआलाला निजलेले’.

यातले जन्मनाव सर्वांत जपून उच्चारायचे. शेजारच्या मकासर लोकांच्या बखरींत राजाचे जन्मनाव लिहिण्याआधी लेखक क्षमा मागतो: माझे अंग सुजू नये.