निनावी पूर्वजांचा गोतावळा

अमेरिकेतलं एखादं कृष्णवर्णीय कुटुंब आपल्या पूर्वजांचा माग काढू लागलं, की त्याची वाट बहुतेक वेळा १८७० सालापाशी येऊन अडते. गुलामीतून सुटलेल्या माणसांची नावं जनगणनेत पहिल्यांदा सरसकट नोंदली गेली ती त्या वर्षी. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या होत्या, पण त्यांत नाव असे ते मालकाचं. त्याखाली माणसांचं नुसतं वय, लिंग, वर्ण. एवढ्यावरून आपली खापरपणजी कुणी कशी ओळखायची?

मेरीलँड राज्यातल्या कॅटॉक्टिन फर्नेस गावात ही अडलेली वाट थोडी मोकळी झाली. तिथे १७७६ साली लोखंडाची भट्टी सुरू झाली. खनिज खणायला, कोळसा पाडायला, भट्टीची धग सोसायला सुरुवातीची कित्येक दशकं गुलाम आफ्रिकी माणसं जुंपलेली होती. पुढे युरोपातून आलेल्या मजुरांनी त्यांची जागा घेतली. १९७९-८० च्या सुमारास महामार्गाच्या कामापायी तिथल्या जुन्या दफनभूमीचं उत्खनन झालं आणि सापडलेले सांगाडे स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालय-संशोधन संस्थेत गेले. त्यांत एक कोवळा मुलगा होता, जेमतेम पंधरा वर्षांचा. जड ओझ्यांच्या खुणा त्याच्या मणक्यांवर उमटलेल्या आहेत.

यांतल्या २७ जणांच्या डीएनएचा अभ्यास २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. काहींच्या वंशाचा धागा पश्चिम आफ्रिकेतल्या, सेनेगल-गांबियाकडच्या वोलोफ लोकांशी जुळला, काहींचा मध्य आफ्रिकेतल्या कोंगो लोकांशी. काहींच्या अंगी युरोपीय वंशाचाही अंश होता. गुलाम बायकांवर गोऱ्या पुरुषांची किती सत्ता चाले हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्यामागचं दुःख वेगळं सांगायला नको.

मग या माणसांचे आजचे नातलग शोधायचे कसे? आईबापांकडून मिळालेल्या गुणसूत्रांच्या जोड्या पुढच्या पिढीत जाताना तुटतात आणि आपसांत तुकडे बदलून पुन्हा सांधल्या जातात. त्यामुळे एका पूर्वजाकडून आलेला सलग तुकडा पिढीगणिक आखूड होत जातो. दोन माणसांत तंतोतंत सारखे, लांब तुकडे निघाले तर नातं जवळचं. तुरळक आणि आखूड निघाले तर लांबचं. लोकांचा डीएनए तपासून वंश सांगणाऱ्या '२३अँडमी' या कंपनीच्या, संशोधनाला संमती दिलेल्या सुमारे ९३ लाख ग्राहकांशी ताडून पाहिल्यावर ४१,७९९ जण या २७ जणांचे नातलग निघाले.

हा आकडा वाचून गडबडून जाऊ नये. हे सगळे काही त्यांचे थेट वंशज नव्हेत. बहुतेकांचा आणि त्यांचा एखादा सामाईक पूर्वज कित्येक पिढ्या मागे, आफ्रिकेत किंवा युरोपात होऊन गेला असेल. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: सर्वांत जवळचे नातलग मेरीलँडमध्येच जास्त आढळले. म्हणजे भट्टीवर राबलेल्यांपैकी काहींची लेकरं-नातवंडं तिथेच मुळं धरून राहिली असावीत.

आणि दफनभूमीतली नाती? २७ पैकी १५ जण पाच कुटुंबांतले निघाले. बहुतेक नाती आई आणि लेकरांची, भावाबहिणींची. त्यांच्या कबरी एकमेकींच्या जवळ होत्या. मालकाच्या वहीत ज्यांना नाव नव्हतं, त्यांना माती देणाऱ्यांनी कोण कुणाचं हे लक्षात ठेवून आईशेजारी लेकरू निजवलं होतं.