कर्करोगाचे उपचार महात्मा फुले योजनेतून : आधी आरोग्यमित्र, मग कॅश काउंटर

रिपोर्टवर 'कार्सिनोमा', म्हणजे कर्करोग, हा शब्द दिसला की घरातली माणसं पैशांच्या मागे लागतात. कुणी सोसायटीतून उचल काढायचं म्हणतं, कुणी पाटल्या गहाण टाकायचं. आमच्याकडेही हेच झालं. आत्याच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासून आला आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही एका रुग्णालयात पंचेचाळीस हजार भरून मोकळे झालो. पावतीची घडी घालत होतो तेव्हा बाकावर शेजारी बसलेल्या माणसाने विचारलं, "योजनेत नाही का केलं?" त्याच्या मागच्या भिंतीवरच योजनेचा फलक होता. ते पैसे गेले ते गेलेच. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना रोकडरहित आहे. खर्च आधी करायचा आणि बिलं लावून नंतर मागायचा, अशी सोय तिच्यात नाही.

त्यानंतर आत्याचे सहा केमो, ऑपरेशन आणि शेक, म्हणजे किरणोपचार, असं सगळं योजनेतून झालं. त्या दीड वर्षात आणि पुढे ओळखीपाळखीच्यांचे कागद करताना जे कळलं, ते इथे लिहितो आहे.

जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'जीवनदायी' हेच नाव आहे, कारण २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना होती. २०१७ मध्ये नाव बदललं आणि पुढे केंद्राची आयुष्मान भारत योजना तिला जोडली गेली. आता दोन्ही मिळून राज्य आरोग्य हमी सोसायटी चालवते. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखांपर्यंत उपचार मिळायचे. २०२३ च्या शासन निर्णयाने ती मर्यादा ५ लाख झाली आणि पिवळं-केशरी कार्ड असलेल्यांबरोबर पांढरं कार्डवालेही आत आले. त्यामुळे 'आमचं कार्ड पांढरं, आम्हाला काही मिळत नाही' असं म्हणत घरी बसणाऱ्यांना आधी हे सांगावं लागतं. ५ लाख ही रक्कम कुटुंबाची आहे, माणशी नाही. सगळी एकट्या रुग्णावर खर्च झाली तरी चालते. मात्र त्याच वर्षी घरात दुसऱ्या कुणाचं हृदयाचं ऑपरेशन योजनेतून झालं असेल, तर उरलेल्या रकमेचा हिशेब आधीच विचारून घ्या.

कागद म्हणाल तर दोनच मुख्य आहेत. रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र, म्हणजे बहुतेक वेळा आधार. ऐकायला इतकं सोपं आहे, पण निम्मी कामं इथेच अडतात.

रेशनकार्डावर रुग्णाचं नाव असलंच पाहिजे. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर राहिलेलं असतं, सासरच्या कार्डावर चढलेलं नसतं. सरकारी कागदाच्या लेखी ती बाई कुठल्याच घरची नसते. माहेरच्या तहसीलच्या पुरवठा शाखेतून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा आणि सासरच्या तहसिलात नाव चढवायचं. चार दिवसही लागतात आणि महिनाही. म्हणून तपासणीचा रिपोर्ट येण्याची वाट न बघता, डॉक्टरांनी 'तुकडा तपासू' म्हटलं त्या दिवशीच रेशनकार्ड उघडून बघा. नाव आहे का? आधारवरच्या नावाशी जुळतं का? कार्डावर 'सखुबाई', आधारवर 'सखूबाई', रिपोर्टवर नुसतं 'सखु'. आपल्याला ती एकच बाई दिसते, संगणकाला तीन दिसतात. रुग्णालयात पहिल्यांदा नाव नोंदवतानाच आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर सांगायचं. पुढचे सगळे रिपोर्ट त्याच नावाने छापून येतात आणि ते नंतर दुरुस्त करून घेणं जिवावर येतं.

दुसरी गोष्ट, कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक. जुन्या पुस्तकी कार्डावर तो कधीकधी पेनाने लिहिलेला असतो, कधी नसतोच. रेशन दुकानदाराकडे तो मिळतो. एक मावशी पावसातून आल्या होत्या, कार्ड साडीच्या पदरात गुंडाळलेलं. पदर सोडला तर पानं एकमेकांना चिकटलेली, शाई निळी होऊन पसरलेली, कुटुंबप्रमुखाचं नाव तेवढं वाचता येत होतं. आरोग्यमित्राने, म्हणजे रुग्णालयात योजनेच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाने, बारा आकडे टाकल्यावर पडद्यावर सगळं कुटुंब आलं, मावशींसकट. क्रमांक पाठ होता म्हणून निभावलं. तुम्ही फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

आयुष्मान कार्ड काढलेलं असेल तर उत्तम. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ते आपले सरकार सेवा केंद्रात निघतं. रुग्ण सत्तरीच्या पुढचा असेल तर वेगळी वाटही आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न किती हे न विचारता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वय आधारवरचं धरतात. आपल्याकडे निम्म्या म्हाताऱ्या माणसांचा जन्म आधारवर १ जानेवारीचा आहे, कुणाचं वय चार वर्षांनी कमी लागलेलं आहे, तेव्हा तेही एकदा बघून घ्या.

आता रुग्णालय. 'ते हॉस्पिटल योजनेत आहे' एवढं ऐकून निघू नका. रुग्णालय योजनेत अंगीकृत, म्हणजे मान्यता देऊन सामील केलेलं, असतं ते ठरावीक विशेष शाखांसाठी. हाडांच्या ऑपरेशनसाठी अंगीकृत असलेल्या ठिकाणी कर्करोग योजनेत बसत नाही. कर्करोगातही शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार या तीन वेगळ्या शाखा आहेत. केमो जिल्ह्याच्या ठिकाणी मिळू शकतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तर तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे केअर केंद्रं काढायची घोषणा झाली आहे. किरणोपचाराचं मात्र तसं नाही. त्या यंत्राला जाड भिंतींची खास खोली लागते, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, त्यामुळे ती ठिकाणं मोजकीच. आणि शेक द्यायचा म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, कित्येकदा पाच-सहा आठवडे. केमो गावाजवळ आणि शेक मोठ्या शहरात, असं विभागून घेता येतं. दोन्ही ठिकाणं आपापल्या शाखेत अंगीकृत हवीत, इतकंच. विचारायचं कुठे? १५५३८८ किंवा १८००२३३२२०० हे टोल फ्री क्रमांक आहेत. जिल्ह्याचं नाव आणि 'किरणोपचार' किंवा 'केमो' असं नेमकं सांगून विचारा.

रुग्णालयात गेल्यावर पहिलं टेबल आरोग्यमित्राचं. ओपीडीचा केसपेपर काढला की लगेच त्याच्याकडे जा, डॉक्टरांनी दाखल व्हायला सांगितल्यावर नाही. तो कार्ड तपासतो, फोटो काढतो, नोंदणी करतो. त्यानंतर डॉक्टर ठरवतात ते उपचार रुग्णालयाकडून ऑनलाइन मंजुरीला जातात. याला पूर्वमान्यता म्हणायचं, पण तिथे 'पूर्वमान्यता' म्हणालात तर सगळे तुमच्याकडे बघतील. 'प्रीऑथ गेलं का?' असं विचारायचं.

प्रीऑथला मुख्य आधार बायोप्सीच्या, म्हणजे गाठीचा तुकडा तपासल्याच्या, रिपोर्टचा. सोनोग्राफीत गाठ दिसली, सीटी स्कॅनमध्ये संशय आला, एवढ्यावर केमो मंजूर होत नाही. पेशींचा अहवाल लागतो. त्याच्या जोडीला स्कॅनचे रिपोर्ट, रक्ताच्या तपासण्या आणि ट्यूमर बोर्डाचा कागद. ट्यूमर बोर्ड म्हणजे शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार यांचे डॉक्टर एकत्र बसून कुठला उपचार आधी द्यायचा ते ठरवतात ती बैठक. तिच्या कागदावर सह्या लागतात. स्तनाच्या कर्करोगात बायोप्सीनंतर आणखी एक तपासणी होते, ईआर, पीआर आणि हर-टू. कुठलं औषध लागू पडणार ते त्यावर ठरतं. तो रिपोर्ट उशिरा येतो आणि फाइल तिथे थांबते.

'क्वेरी आली' असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. मंजुरी नाकारली असा त्याचा अर्थ नसतो. मंजुरी देणाऱ्या वरच्या डॉक्टरांना एखादा कागद हवा असतो. मी पाहिलेल्या बहुतेक क्वेऱ्या साध्या होत्या. रिपोर्टचा फोटो अंधुक, दुसरं पान अपलोड करायचं राहिलं, नावात फरक, बोर्डाच्या कागदावर एक सही कमी. रोज सकाळी टेबलापाशी जाऊन विचारायचं, चिडायचं नाही. आरोग्यमित्र एक आणि फाइली पन्नास. खरी तातडी असेल, रक्तस्राव होतो आहे, श्वास कोंडतो आहे, तर दूरध्वनीवरून मान्यता घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद नंतर द्यायचे. ही सोय आहे हे कित्येकदा रुग्णालयं आपणहून सांगत नाहीत.

प्रीऑथ एकदा झालं म्हणजे सुटलो, असं कर्करोगात नसतं. केमोची दर सायकल, म्हणजे फेरी, वेगळी मंजूर होते. एकवीस दिवसांनी पुढची सायकल असेल तर त्याआधी रक्त तपासून रिपोर्ट घेऊनच जा. पांढऱ्या पेशी कमी असल्या तर डॉक्टर तारीख पुढे ढकलतात आणि मुक्कामी आलेली माणसं तशीच परत जातात. आम्ही गावातच आदल्या दिवशी रक्त तपासून डॉक्टरांना रिपोर्ट पाठवायला लागलो, तेव्हा दोन फेऱ्या वाचल्या. घरी जाताना डिस्चार्ज कार्ड न चुकता घ्या आणि त्यावर औषधांची नावं व मात्रा लिहिलेल्या आहेत ना ते बघा. घरी गेल्यावरही दहा दिवसांपर्यंतची औषधं आणि फेरतपासणी पॅकेजमध्ये, म्हणजे मंजूर झालेल्या उपचारातच, धरलेली असते.

एक गोष्ट फार थोडे लोक मागतात : बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड. ब्लॉक म्हणजे तुमच्या गाठीचा तुकडा मेणात बसवलेला, दोन बोटांत मावेल एवढी वडी. उद्या दुसरं मत घ्यायला मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी गेलात, तर तिथे नुसत्या रिपोर्टवर भागत नाही, ब्लॉक पुन्हा तपासतात. तो आधीच्या लॅबमध्ये असतो आणि लेखी अर्ज दिल्यावर मिळतो. परगावी निघण्याआधी घ्या आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण आहे ते.

मंजूर झालेल्या उपचारासाठी कुणी वर पैसे मागितले, 'हे इंजेक्शन योजनेत नाही, बाहेरून आणा' म्हणालं, तर आधी आरोग्यमित्राला विचारा की हे पॅकेजमध्ये आहे की नाही. द्यावेच लागले तर पावती घ्या. पावतीशिवाय तक्रार उभी राहत नाही. तक्रार टोल फ्री क्रमांकावर नोंदवता येते, जिल्हा समन्वयकाकडेही जाते, आणि मंजुरी मिळालेल्या फाइलचा क्रमांक हाताशी असला की दुसऱ्या बाजूचा आवाज बदलतो.

योजनेत बसत नसेल किंवा मर्यादा संपली असेल तर दोन दारं आहेत. पहिलं धर्मादाय रुग्णालयाचं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं. बिल झाल्यावर नाही, दाखल होतानाच.

दुसरं मुख्यमंत्री सहाय्यता निधीचं. जिल्हाधिकारी कार्यालयातही त्याचा कक्ष असतो. विहित नमुन्यातला अर्ज, आधार, रेशनकार्ड, १ लाख ६० हजारांच्या आतला चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय रिपोर्ट आणि रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. खाजगी रुग्णालय असेल तर अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. रुग्ण दाखल असल्याचा जिओ टॅग केलेला फोटोही मागतात. मदत थेट रुग्णालयाच्या खात्यात जमा होते आणि इथेही झालेल्या खर्चाची भरपाई मिळत नाही.

राहिला प्रवास. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये पूर्ण तिकीट माफ आहे, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यांत ७५ टक्के सवलत. सवलतीचा छापील फॉर्म रुग्णालयातून भरून, सही-शिक्क्यासह घ्यावा लागतो आणि तिकीट आरक्षण खिडकीवर जाऊन काढायचं. पुढची तारीख मिळाली की घरी निघण्याआधी, त्याच खेपेत हा फॉर्म मागून घ्या.