बेसच्या टोनमधला पॅरामेट्रिक ईक्यू आला कुठून?

ईक्यू म्हणजे आवाजातले खालचे, मधले, वरचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय. बेस गिटारवर टोन नावाचा जो नॉब असतो ना, तो सुरुवातीची कित्येक वर्षं फक्त कापायचं काम करायचा. १९५१ ला लिओ फेंडरचा प्रिसिजन बेस आला, त्यात एक व्हॉल्यूम आणि एक टोन, टोन बंद करत नेला की ट्रेबल (आवाजातला वरचा, तीक्ष्ण भाग) कपॅसिटरमधून ग्राउंडला जाणार आणि आवाज बोथट होणार, एवढंच. वाढवायची सोय नाही कारण आत ना बॅटरी ना प्रीअँप (सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट).

मग बाकीचं सगळं अँपवर. १९६९ च्या अँपेग एसव्हीटी या बेस अँपवर मिड्ससाठी (मधल्या पट्ट्यासाठी) २२०, ८०० आणि ३००० हर्ट्झ असे तीनच टप्पे होते, त्यातला एक निवडायचा. त्या काळात हे भारीच होतं, पण गडबड ४०० हर्ट्झला असली तर?

बेसवाल्याला हे ठरलेले टप्पे जास्त छळतात. मोकळी ई ४१ हर्ट्झला, ए ५५, डी ७३, जी ९८, म्हणजे चारही मोकळ्या तारांचे मूळ सूर ६० हर्ट्झपेक्षा कमी अंतरात दाटीवाटीने बसलेत आणि किक ड्रमही तिथेच येऊन धडकतो. एकेका ऑक्टेव्हच्या ग्राफिक ईक्यूचे स्लायडर ३१, ६३, १२५ असे ठरलेले, त्यामुळे ई नेमकी दोघांच्या मधे सापडते आणि ६३ चा वर केला की ए आणि डी आधी फुगतात.

स्टुडिओतही तेव्हा जड इंडक्टर आणि टप्प्याटप्प्याचे स्विच असायचे. १९७२ ला जॉर्ज मॅसेनबर्गने ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात पॅरामेट्रिक ईक्यूवरचा पेपर मांडला, त्यात फ्रिक्वेन्सी, किती वाढवायचं-कापायचं आणि पट्टा किती रुंद (म्हणजे क्यू) हे तिन्ही वेगवेगळं फिरवता येत होतं, एकाला हात लावला तर दुसरं हलत नाही. श्रेय एकट्याला देणं मला पटत नाही, बर्जेस मॅकनील त्याच्यासोबत होता आणि डॅनियल फ्लिकिंगरही साधारण त्याच सुमारास सरकत्या फ्रिक्वेन्सीच्या ईक्यूवर काम करत होता. पण मॅसेनबर्ग नुसता सर्किटवाला नव्हता, अर्थ, विंड अँड फायर या बँडचं रेकॉर्डिंग करायचा, आणि तिथे बेसवर व्हर्डीन व्हाइट! कान तयार असलेल्या माणसाने बनवलेली वस्तू आहे ही.

इकडे कॅलिफोर्नियात अलेंबिक कंपनीने बेसच्या आतच अॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणारं) सर्किट बसवायला घेतलं होतं, त्यांच्या बेसमध्ये सरकवता येणारा लो-पास फिल्टर (ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वरचं कापणारा) आणि क्यूचा स्विच आला. महागडं प्रकरण. १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरे बेसने नऊ व्होल्टच्या बॅटरीवर खालचा पट्टा आणि ट्रेबल वाढवायची सोय साध्या वादकापर्यंत आणली, पण त्यात मिडचा नॉबच नाही.

आज पेडल आणि अँपवर जे मिळतं ते बहुतेक सेमी-पॅरामेट्रिक असतं, मिडची फ्रिक्वेन्सी सरकवायची, लेव्हल ठरवायची, क्यू मात्र कंपनीने आधीच ठरवलेला. पूर्ण पॅरामेट्रिकचा फरक चिखल, म्हणजे घुमणारा अस्पष्ट आवाज, काढताना कळतो. समजा २५० हर्ट्झला आवाज घुमतोय, क्यू २ ठेवला तर पट्टा साधारण १२५ हर्ट्झ रुंद, तेवढाच तीन-चार डीबी (डेसिबल) खाली घ्यायचा, खालचं वजन जवळपास तसंच राहतं आणि ७००-८०० ची गुरगुर आपोआप पुढे येते. क्यू कमी, म्हणजे पट्टा रुंद असेल तर हाच कट खाली शंभरपर्यंत पोचतो आणि बेस पोकळ वाटायला लागतो, म्हणून पेडल घेताना क्यूचा नॉब आहे का ते आधी बघा.