एका रात्रीत गेलेला कान

खानदेशात कान गच्च झाल्यासारखा वाटला, की घरात आधी तेलाची वाटी चुलीवर चढते. लसणाची पाकळी टाकून तेल तापतं, आणि ते कोमट होईस्तोवर कुणीतरी म्हणतं, कूलरची हवा लागली असेल. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, रात्री कूलरसमोर झोपल्यावाचून निभावत नाही, त्यामुळे हे निदान सगळ्यांना पटतं. ‘कान बसी गया, दोन दिनमा खुली जाई.’ पुष्कळदा खुलतोही. सर्दीने किंवा मळाने बसलेला कान आपसूक नाहीतर साध्या उपचाराने मोकळा होतो. पण याच भरवशावर दुसऱ्या एका दुखण्याचे मोलाचे दिवस निघून जातात. मला बोलायचं आहे ते त्या दुखण्याबद्दल, म्हणजे एकाएकी येणाऱ्या बहिरेपणाबद्दल.

माणूस रात्री धडधाकट झोपतो. सकाळी नेहमीच्या कानाला फोन लावतो तर पलीकडून आवाजच नाही. फोन बिघडला असेल म्हणून दुसऱ्या कानाला लावतो, तर बोलणं अगदी स्वच्छ. कुणाला त्याआधी कानात ‘टप्’ असं काहीतरी वाजल्याचं आठवतं, कुणाच्या कानात शिट्टी सुरू झालेली असते, बऱ्याच जणांना गरगरतं. दुखत मात्र नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. कान ठणकला असता तर माणूस त्याच दिवशी दवाखान्यात गेला असता. नुसत्या बधिरपणाला तो ‘दडा बसला’ म्हणतो आणि कामाला लागतो. त्यात कपाशीची वेचणी चालू असेल किंवा केळीचा ट्रक भरायचा असेल, तर डॉक्टर पुढच्या आठवड्यावर जातात.

डॉक्टरी भाषेत याला सडन सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस म्हणतात. आपण नसेचा अचानक आलेला बहिरेपणा म्हणू. ७२ तासांच्या आत, ऑडिओग्रामवरच्या (ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावरच्या) लागोपाठच्या तीन वारंवारितांवर, म्हणजे खर्जापासून उंचापर्यंतच्या स्वरांपैकी शेजारच्या तिन्हींवर, ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त घट, अशी त्याची व्याख्या. साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. त्यातले ३० गेले की उरतं ते कुजबुजीएवढं. बहुतेकांचा एकच कान जातो, दोन्ही एकदम जाणं विरळा. तो कुठल्याही वयात जाऊ शकतो, पण चाळिशी ते साठीच्या टप्प्यात जास्त दिसतो. अमेरिकेत दर लाख लोकांमागे वर्षाला ५ ते २७ जणांना तो होतो असा अंदाज आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांच्या वर होती. तिकडचं कमीत कमी प्रमाण इथे धरलं तरी या एका जिल्ह्यात वर्षाला दोनशेच्या वर माणसं होतात. हे दुखणं दुर्मीळ वाटतं, कारण त्यातली कितीतरी तेलाच्या वाटीशीच थांबतात.

मळाचा दडा आणि नसेचा बहिरेपणा यांतला फरक घरच्या घरी बऱ्यापैकी ओळखता येतो, आणि ही युक्ती प्रत्येक घरात माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. तोंड मिटून ‘हंऽऽऽ’ असा एकसुरी हुंकार काढायचा. आत्ताच करून बघा. दोन्ही कान चांगले असतील तर आवाज डोक्याच्या मधोमध घुमतो. आता उजव्या कानात बोट घालून तोच हुंकार काढा, आवाज झटकन उजवीकडे सरकेल. हुंकार कवटीच्या हाडांतून आतल्या कानापर्यंत पोचतो, आणि कानाची वाट बंद केली की तो बाहेर निसटत नाही, आत मोठा होतो. मळाने किंवा सर्दीने बसलेल्या कानाचंही असंच होतं: हुंकार बंद कानात जास्त घुमतो. नसेच्या बहिरेपणात उलट घडतं. आतला कानच थंडावलेला असल्यामुळे हुंकार चांगल्या कानाकडे पळतो. कान-नाक-घसा तज्ज्ञ ५१२ हर्ट्झचा चिमट्यासारखा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) वाजवून कपाळाच्या मध्यावर टेकवतात ती वेबर चाचणी याच तत्त्वावर चालते. कान बंद वाटतोय आणि हुंकार मात्र दुसऱ्याच कानात ऐकू येतोय, असं झालं तर तेलाची वाटी खाली ठेवून गाडी काढायची. हुंकार बंद कानात घुमला तरी निर्धास्त राहू नये. पक्कं उत्तर ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावरची ऐकण्याची तपासणीच देते.

तेलाचा उपयोग का होत नाही हे कानाच्या रचनेवरूनच कळतं. तेल पोचतं ते पडद्यापर्यंत. बिघाड असतो पडद्याच्या, मधल्या कानाच्या आणि तिथल्या तीन इवल्या हाडांच्याही पलीकडे, शंखाच्या आकाराच्या कॉक्लियात. पडद्याला भोक असेल तर तेल आत उतरून नवं दुखणं मात्र होतं.

कॉक्लियाला साधारण अडीच वेढे असतात. त्यात एका कानात जेमतेम पंधरा हजार केसपेशी ओळीने उभ्या असतात, आणि मेंदूकडे खरी बातमी पोचवणाऱ्या त्यातल्या साडेतीन हजारांच्या आसपास. शंखाच्या तोंडाशी बारीक, उंच स्वर टिपणाऱ्या पेशी, टोकाकडे खर्ज टिपणाऱ्या. आवाजाची लाट आतल्या द्रवातून गेली की पेशींवरचे सूक्ष्म केस कलतात, क्षणभर विद्युतभारित कण आत शिरतात आणि नसेत संदेश उमटतो. यासाठी कॉक्लियातल्या द्रवात सुमारे ८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब अखंड राखावा लागतो, आणि तो राखायला रक्तातला प्राणवायू सतत लागतो. हे रक्त आणणारी धमनी केसासारखी बारीक, आणि तिला जोड नाही. पांझरेकाठच्या फड बागायतीत शेवटच्या वावराला एकाच चारीचं पाणी मिळतं. ती चारी तुंबली तर पाणी आडवाटेने येऊ शकत नाही. आतल्या कानाची गत तशीच.

मग धमनी तुंबूनच कान जातो का? काहींचा तसा जात असावा. काहींच्या बाबतीत विषाणूचा संसर्ग, काहींच्या बाबतीत शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच आतल्या कानावर केलेला हल्ला, असे कयास आहेत. प्रत्यक्षात दहापैकी नऊ रुग्णांत ठाम कारण हाती लागत नाही. कॉक्लिया कवटीतल्या सर्वांत टणक हाडात बसलेला असल्यामुळे जिवंत माणसात त्याचा तुकडा काढून तपासता येत नाही. थोड्या रुग्णांत ऐकण्याच्या नसेवर वाढलेली, कर्करोगाची नसलेली गाठ सापडते, म्हणून नंतर एमआरआय करायला सांगतात. तो टाळू नये. मात्र त्याच्या रिपोर्टसाठी उपचार थांबवूनही ठेवू नयेत.

मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. कोंबडीत उगवते. १९८० च्या दशकात संशोधकांना पक्ष्यांच्या कानात नव्या केसपेशी तयार होताना दिसल्या, आणि तेव्हापासून सस्तन प्राण्यांत तसं घडवून आणण्याची धडपड चालू आहे. ते औषध अजून हाती नाही. म्हणून ज्या पेशी नुसत्या गुदमरलेल्या आहेत, मेलेल्या नाहीत, त्या वाचवायच्या. पहिल्या दिवसांची घाई त्यासाठीच.

उपचार म्हणजे मुख्यतः स्टेरॉइड. गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं, पहिल्या दोन आठवड्यांत तर नक्कीच. १९८० साली अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत स्टेरॉइड घेणाऱ्यांपैकी ६१ टक्के सुधारले, तुलनेसाठी औषध नसलेल्या नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी ३२ टक्के. जगभरातली उपचारपद्धती बराच काळ त्या आकड्यांवर उभी राहिली. पुढच्या सगळ्या चाचण्यांनी इतका स्पष्ट कौल दिला नाही. अलीकडे जर्मनीतल्या मोठ्या चाचणीत स्टेरॉइडचा फार मोठा डोस नेहमीच्या डोसापेक्षा सरस ठरला नाही. थोडक्यात, औषध हमखास नाही, पण हातात आहे ते हेच. गोळ्यांनी फरक पडला नाही तर दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान पडद्यातून सुईने मधल्या कानात स्टेरॉइड सोडतात. उच्च दाबाच्या कक्षात प्राणवायू देण्याची सोय मोठ्या शहरांतच आहे. ‘नसेला ताकद’ म्हणून मेडिकलवरून मिळणाऱ्या गोळ्या, रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधं, विषाणूंवरची औषधं यांचा फायदा सिद्ध झालेला नाही. त्यांत आठवडा घालवू नये.

मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. स्टेरॉइडने साखर झपाट्याने चढते, तेव्हा ती रोज तपासावी लागते, आणि अशा वेळी थेट कानात सोडलेलं औषध सोयीचं पडू शकतं. जुन्या चिठ्ठीवर स्वतःच गोळ्या आणून खाण्याचं हे औषध नव्हे. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून तज्ज्ञापर्यंत पोचणं सोपं नाही हे मला ठाऊक आहे. पण जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. गावातल्या डॉक्टरांकडे गेलात तरी ‘दोन दिवसांपासून एकदम ऐकू येत नाही’ हे वाक्य सगळ्यांत आधी सांगा. ‘कान जड झालाय’ म्हटलं की मळाचीच चर्चा होते.

काहीच उपचार न घेताही एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश रुग्णांचं ऐकणं काही अंशी परततं, आणि जे परततं त्यातलं बरंचसं पहिल्या दोन आठवड्यांत. चक्कर असेल, घट फार मोठी असेल किंवा वय जास्त असेल तर आशा कमी. ज्यांचं परतत नाही त्यांचं पुढे काय होतं, याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

लोक म्हणतात, एक कान तर आहे ना! हे बोलणं लागतं, कारण ते खरं नाही. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांच्या तुलनेवरून ठरवतो. उजवीकडचा आवाज डाव्या कानात फार तर एका सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा उशिरा पोचतो, आणि सरावलेला मेंदू त्याहून कितीतरी पट बारीक फरक ओळखतो. एक कान गेला की ही तुलनाच संपते. धुळ्यात मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडताना हॉर्न ऐकू येतो, पण तो कुठून येतोय ते कळत नाही, आणि माणूस चुकीच्या दिशेला बघतो. तेव्हा आवाजावर विसंबायचं नाही, दोन्हीकडे मान वळवून पाहायचं. मोटरसायकलचे दोन्ही आरसे जागेवर हवेत, एवढं तरी लगेच करता येतं.

दुसरी पंचाईत गर्दीची. हिवाळ्यात शेतावर भरताची पार्टी असते, काट्या पेटलेल्या, वांगी भाजताहेत, दहा-बारा जण एकदम बोलताहेत. दोन कानांचा मेंदू त्यातून समोरच्याचं बोलणं निवडून घेतो. एका कानाला सगळा एकच गलका ऐकू येतो. माणूस हसण्यात हसणं मिसळतो आणि हळूहळू अशा ठिकाणी जाणंच सोडतो. घरातही तेच. सून स्वयंपाकघरातून ‘नाना, जेवाले चला’ म्हणते, नाना हलत नाहीत, आणि नाना हल्ली ओ देत नाहीत, अशी कुरकुर सुरू होते. नाना रागावलेले नसतात. त्यांच्या बहिऱ्या बाजूने आलेला आवाज डोक्याला वळसा घालून पलीकडच्या कानात पोचेस्तोवर विरलेला असतो, विशेषतः त्यातले उंच स्वर, ज्यांवर स, श, त, फ यांसारखी व्यंजनं ओळखता येतात. समोर यावं, चेहरा दिसेल असं बोलावं, वाक्य पुन्हा सांगावं लागलं तर कपाळाला आठ्या न घालता सांगावं. ओरडू नये. आजारी कानाला मोठा आवाज उलट टोचतो. पंगतीत आणि बैठकीत बहिरा कान भिंतीकडे करून कोपऱ्यातली जागा त्या माणसाची, हे घराने ठरवून टाकावं. मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ सुरू केलं की दोन्ही बाजूंचा आवाज एकाच कानात मिळतो.

कानातली शिट्टी अनेकांना बहिरेपणापेक्षा जास्त छळते. कानाकडून येणारी बातमी थांबली की मेंदू आपला आवाज वाढवून घेतो, आणि त्यातून हा नाद उपजतो असं मानलं जातं. म्हणून ती रात्रीच्या शांततेत वाढते. खोली सुनसान ठेवण्यापेक्षा पंखा किंवा हलक्या आवाजातला रेडिओ चालू ठेवावा. झोप उडाली, जीव नकोसा झाला तर मानसोपचार तज्ज्ञाकडे जायला संकोच करू नये. वागणूक आणि विचारांवर काम करणाऱ्या उपचारांनी हा त्रास कमी होतो.

कानात थोडं ऐकणं उरलं असेल तर साधं श्रवणयंत्र चालतं. कान पूर्ण गेला असेल तर क्रॉस नावाचं यंत्र बहिऱ्या बाजूचा आवाज चांगल्या कानात पोचवतं. हाडांतून आवाज नेणारी यंत्रं आणि शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं कॉक्लियर इम्प्लांट हे पुढचे, महागडे पर्याय. सरकारी मदतीची आशा धरणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कर्णबधिर आणि ऐकू कमी येणाऱ्या व्यक्तीची व्याख्या दोन्ही कानांतल्या घटीवर केलेली आहे. एकच कान पूर्ण गेलेला माणूस त्या व्याख्येत बसत नाही. मला हा अन्याय वाटतो. महामार्गावर आणि कारखान्यात त्याची अडचण कागदावर दिसते त्याहून मोठी असते.

उरलेला कान मात्र जपावाच लागतो. लग्नाच्या वरातीत डीजेच्या गाडीजवळ उभं राहू नये. कापसाचा बोळा पुरत नाही, औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात ते वापरावेत. फटाक्यांपासून लांब राहावं. कुठल्याही आजारासाठी जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखं इंजेक्शन लिहून देत असतील तर ‘माझा एक कान गेलेला आहे’ हे आधी सांगावं, कारण ही औषधं केसपेशींना इजा करू शकतात. पहिल्या दिवसाचा ऑडिओग्राम फाईलला लावून ठेवावा, वर्षाकाठी नवा काढून त्याच्याशी ताडून पाहावा, आणि चांगला कान जरा जरी बसल्यासारखा वाटला तर त्याच दिवशी निघावं.